घरून उघडलेली फाइल: कार्यालयांच्या मालकांना आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईतल्या लहान-मध्यम कार्यालयांचे मालक, भागीदार आणि तिथला सर्व्हर सांभाळणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी हिशेब तपासणीचं काम करणाऱ्या पुण्यातल्या एका कार्यालयात लेखासहायक आहे आणि देवरुखजवळच्या गावातून काम करते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळेच घरी गेलो. पुढे कार्यालयं उघडली तरी माझ्यासारखे बरेच जण तुमच्या संमतीने गावीच राहिलो. कोणाचे आईवडील थकलेले, कोणाला पुण्यातलं भाडं परवडेना, कोणाचं मूल लहान. काम तेच आहे, पगारही साधारण तोच आहे. कार्यालयाच्या सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डर मात्र आमच्यासाठी पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

फाइल उघडायला वेळ लागतो. उघडली तर ‘रीड-ओन्ली’ येते. लिहायला मिळाली तर सेव्ह करताना अडकते. कधी तासाभराचं काम जातं, कधी एकाच फाइलच्या दोन प्रती होतात आणि खरी कुठली ते कोणाला सांगता येत नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, ‘तुमचं नेट बघा.’ नेट आम्ही बघितलं आहे. गावात फायबर आलं तिथे फायबर घेतलं, नाही तिथे दोन कंपन्यांची सिमकार्डं ठेवली, इन्व्हर्टर बसवले. तरी त्रास तसाच आहे, कारण ही सगळी मांडणी एका इमारतीपुरती केलेली आहे. ती बदलणं आमच्या हातात नाही, तुमच्या आहे.

असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते. ‘नेट स्लो आहे’ या तीन शब्दांत ते बसत नाही.

कार्यालयाच्या कपाटात सर्व्हर असतो, त्यावरचा फोल्डर सगळ्यांना ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. हे काम एसएमबी नावाची पद्धत करते. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये ती तयार झाली, एकाच जागेतल्या, एकाच तारेवरच्या कॉम्प्युटरांसाठी. तिचा स्वभाव प्रश्नोत्तरांचा आहे. फाइल आहे का, कोणाकडे उघडी आहे का, मला लिहायचा हक्क आहे का, पहिला तुकडा दे, आता पुढचा दे. कार्यालयात अशा एका प्रश्नाचं उत्तर मिलिसेकंदाच्या आत येतं. गावातल्या मोबाइल नेटवरून व्हीपीएन, म्हणजे घरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, लावून तेच ८० मिलिसेकंदांवर सहज जातं. एक फाइल उघडायला समजा ३०० प्रश्नोत्तरं झाली, तर तुमच्या टेबलावर ती पाव-अर्ध्या सेकंदात उघडते आणि माझ्याकडे २४ सेकंद लागतात. मी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी हे २४ सेकंद फारसे कमी होत नाहीत, कारण वेळ लागतो तो उत्तराची वाट बघण्यात. एसएमबीच्या नव्या आवृत्त्यांनी ही प्रश्नोत्तरं बरीच कमी केली हे खरं आहे. पण सर्व्हरचं जुनं खोकं आणि जुनी सेटिंग्ज असलेली कार्यालयं अजून आहेत.

हळू चालतं, इतकंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. सवय होते. खरा घात सेव्ह करताना होतो.

एक्सेल आपण समजतो तसं जुन्या फाइलवर नवा मजकूर लिहीत नाही. ते आधी त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल करतं, जिच्या नावात आठ अक्षरं-आकडे असतात आणि शेवटी एक्सटेन्शन नसतं. सगळं काम तिच्यात लिहून झालं की जुनी फाइल बाजूला काढतं आणि तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देतं. एवढ्या सगळ्या पायऱ्या चालू असताना लाइट गेली किंवा मोबाइलचा टॉवर बदलला की काम मधेच तुटतं. मग फोल्डरमध्ये ती विचित्र नावाची फाइल पडून राहते. पुष्कळदा आमचं काम तिच्यातच असतं. शनिवारी येणारे हार्डवेअरवाले ‘कचरा फाइल्स’ म्हणून ती उडवून टाकतात. कृपया त्यांना सांगा, की ज्याचं काम आहे त्याला विचारल्याशिवाय अशी फाइल काढू नका.

याच पायऱ्यांमुळे आणखी एक गोष्ट अडते. ‘कर्मचाऱ्याने फाइल बदलावी पण डिलीट करू नये’ म्हणून काही ठिकाणी डिलीटचा हक्क काढून घेतलेला असतो. हेतू चांगला आहे. पण जुनी फाइल बाजूला काढायला एक्सेलला तोच हक्क लागतो. तो नसला की सेव्ह होत नाही, आणि ज्याला कारण ठाऊक नाही तो माणूस नव्या नावाने प्रत करून मोकळा होतो. दुसऱ्या प्रतीचा जन्म पुष्कळदा इथे झालेला असतो.

लॉकची कथा तुम्हाला माहीतच असेल. फाइल उघडली की शेजारी ‘~$’ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते आणि तीत उघडणाऱ्याचं नाव असतं. माझं कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या लेखी फाइल माझ्याकडे उघडीच आहे. मी पुन्हा उघडायला जाते तर मलाच माझं नाव दिसतं, मी ती वापरते आहे म्हणून. पुण्यातल्या सहकाऱ्यांचा ग्रुपवर मेसेज येतो, ‘कोणाकडे ओपन आहे? बंद करा.’ बंद करायला माझ्याकडे काहीच उघडं नसतं. सर्व्हरवर बसलेला माणूस ती अडकलेली फाइल दोन क्लिकमध्ये सोडवू शकतो, पण तो हक्क फक्त बाहेरच्या व्हेंडरकडे असतो आणि ते दुसऱ्या साइटवर असतात. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख डोक्यावर असताना, या दोन क्लिकसाठी आम्ही दुपार घालवली आहे. कार्यालयातल्या एका जबाबदार माणसाला एवढा एक हक्क द्या. याला पैसे लागत नाहीत.

मग आम्ही काय करतो? जे कोणीही करेल तेच. फाइल सकाळी लॅपटॉपवर उतरवून घेतो, दिवसभर काम करतो, संध्याकाळी परत वर ठेवतो. मधल्या काळात पुण्यात कोणीतरी त्याच फाइलमध्ये भर घातलेली असते. ती आमच्या प्रतीखाली गाडली जाते. व्हीपीएन चालत नसेल तर फाइल मेलवर येते, मेल जड झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्राहकाचं पॅनकार्ड, बँकेचा उतारा, पगारपत्रक, सगळं आमच्या खाजगी फोनमध्ये येऊन पडतं. हे चुकीचं आहे हे आम्हाला कळतं आणि रोज मनाला लागतंही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ती जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे कार्यालयावर आहे. आम्हाला ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका’ असं परिपत्रक मिळतं. पाठवायची दुसरी चालणारी वाट त्या परिपत्रकात नसते.

आपल्याच धंद्यातली एक विसंगती मला फार बोचते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ग्राहकाकडे तो एडिट लॉग चालू आहे का, हे आपण तपासतो आणि अहवालात लिहितो. ज्या एक्सेल शीटवर आपण स्वतः ही तपासणी करतो, त्या शीटमधला आकडा काल कोणी बदलला, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही. मग बैठकीत संशय जातो तो समोर नसलेल्या माणसावर. घरून काम करणाऱ्याचं नाव घेणं सोपं असतं.

आता उपायांकडे येते. सगळ्या फाइल्सना एकच औषध नाही. म्हणूनच ‘सगळं क्लाउडवर टाकू’ किंवा ‘क्लाउड नको’ अशा घोषणा मला पटत नाहीत.

वर्ड आणि एक्सेलच्या रोजच्या फाइल्स अशा जागी ठेवा जिथे दोघंतिघं एकाच वेळी लिहू शकतील: शेअरपॉइंट, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह. तिथे लॉकचा प्रश्नच उरत नाही, दुसरा माणूस कुठल्या चौकटीत आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. ऑटोसेव्ह चालतं. सर्व्हरवरच्या फाइलला एक्सेलचं ऑटोसेव्ह मिळत नाही. तिथे फक्त दर दहा मिनिटांनी आमच्या लॅपटॉपवर उतरणारी ऑटोरिकव्हरची प्रत असते, तीही सापडली तर. सगळ्यांत मोलाचा आहे तो आवृत्त्यांचा इतिहास. शेअरपॉइंटमध्ये साधारणपणे शेवटच्या ५०० आवृत्त्या राहतात, आणि डिलीट केलेली फाइल ९३ दिवस परत मिळवता येते. गूगल ड्राइव्हवर एक्सेलची फाइल तशीच चढवून ठेवली तर जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० पर्यंतच राहतात आणि ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी जाते. कोणती सोय घ्यायची हे ठरवताना हा फरक बघा. हिशेब तपासणीत तीन महिन्यांपूर्वीचा आकडा विचारला जाणं ही रोजची गोष्ट आहे.

यात काही अटी आहेत आणि त्या कोणीतरी आधी समजावून सांगायला हव्यात, नाहीतर आठवड्याभरात ‘हे पण चालत नाही’ असं म्हणून सगळे झेड ड्राइव्हवर परत जातात. जुनी ‘एक्सएलएस’ फाइल एकत्र लिहायला चालत नाही, ती ‘एक्सएलएसएक्स’ करून घ्यावी लागते. उघडण्यासाठी पासवर्ड लावलेल्या फाइलमध्येही एकत्र लिहिता येत नाही. तिथे पासवर्डऐवजी फोल्डरचे हक्क नीट द्यावे लागतात. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला जोडलेल्या लिंक ‘झेड’ ने सुरू होत असतील तर फाइल हलवताच त्या तुटतात. आपल्या ताळेबंदाच्या फायलींमध्ये अशा लिंक सगळीकडे आहेत. त्या दुरुस्त करायला माणूस आणि वेळ द्या. हे काम रात्री घरी बसून उरकायचं नाही, कामाच्या वेळेत करायचं आहे.

आणि खातं कार्यालयाचं असू द्या. अनेक छोट्या कार्यालयांत सगळी गूगल शीट्स कुठल्यातरी आर्टिकल विद्यार्थ्याच्या, म्हणजे सीए होण्यासाठी कार्यालयात उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या, खाजगी जीमेलवर तयार झालेली असतात, कारण पहिल्या दिवशी त्यानेच उत्साहाने करून दिली. उमेदवारी संपली की तो निघून जातो, खातं त्याचं, शीटही त्याची. कार्यालय त्याला फोन करत बसतं. मुलगा भला असतो म्हणून निभावतं.

टॅलीचा डेटा, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचे जुने डेटाबेस यांचा मामला वेगळा. हे वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची प्रत आपोआप जुळवत राहणाऱ्या, फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. दोन माणसं दोन जागी लिहितात, सिंक अर्धवट होतं आणि डेटा बिघडतो. व्हीपीएनवरून थेट उघडणंही धोक्याचं आहे. यासाठी रिमोट डेस्कटॉप बरा. प्रोग्रॅम कार्यालयातच चालतो, माझ्याकडे फक्त पडदा येतो. माझं नेट गेलं तरी तिकडचं काम अर्धं तुटत नाही, पुन्हा जोडल्यावर जिथे होतं तिथे सापडतं. पण त्याचं दार सरळ इंटरनेटवर उघडं ठेवू नका. आधी व्हीपीएन, त्यात मोबाइलवरचा दुसरा कोड, मग रिमोट डेस्कटॉप. ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं हेच दार, उघडा ठेवून रॅन्समवेअरला, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, आमंत्रण देणारी कार्यालयं आपल्या आसपास आहेत. आणि एक साधी गोष्ट, जिच्यामुळे माझ्या कितीतरी सकाळी वाया गेल्या आहेत: संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच बंद करू नका. सर्व्हर आणि आमचे संगणक वेगळ्या लाइनवर घ्या. शिपायांनी आग लागू नये म्हणून स्विच बंद केला तर दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मोठी ड्रॉइंग आणि स्कॅन केलेले गठ्ठे एका वेळी एकानेच उघडावेत. तिथे नोंद करून घ्यायची शिस्त पुरते.

आता मराठी फायलींचं. यावर कोणी बोलत नाही म्हणून मी जरा थांबून बोलते. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, ट्रस्ट यांचे अहवाल, इतिवृत्तं, ठराव मराठीत असतात. संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात हे काम पुराच्या पाण्यासारखं चढतं. आणि हा सगळा मजकूर श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. कार्यालयातल्या एका ठराविक कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे, तिथे मराठी दिसतं. माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग येते. ब्राउझरमध्ये उघडली तरी तेच. कारण फाइलमध्ये मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवले आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. त्यामुळे शोधायला ‘ठराव’ टाइप केलं तर सापडत नाही, दोघांनी मिळून लिहायचं तर दोघांकडे तोच फॉन्ट आणि तोच कीबोर्ड लागतो, आणि फोनवर वाचायचं तर अशक्यच. मराठी टाइप करणाऱ्या बायका, आणि या कामावर बहुतेक बायकाच आहेत, घरून काम मागतात तेव्हा ‘तुमचं काम घरून होण्यासारखं नाही’ असं सांगितलं जातं. ते होण्यासारखं आहे. नवा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करायचा एवढं एकदा ठरवा. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीने बोटं बसलेल्यांना सरावासाठी महिना-दोन महिने द्या, त्या काळात वेग कमी झाला म्हणून बोलू नका. दरवर्षी लागणारे नमुने, म्हणजे इतिवृत्ताचा मसुदा, अहवालाचं मुखपृष्ठ, दोषदुरुस्तीचा तक्ता, तेवढे रूपांतरित करून घ्या. रूपांतर करणारी साधनं मिळतात. जोडाक्षरं आणि रफार कुठेकुठे बिघडतात, ते डोळ्यांनी तपासावं लागतं. जुने सगळे गठ्ठे बदलायची गरज नाही.

‘डेटा बाहेर ठेवायची भीती वाटते,’ असं भागीदार म्हणतात. ही भीती मी हलकी मानत नाही. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत. पण कपाटातला सर्व्हर केवळ कपाटात आहे म्हणून सुरक्षित होत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या दोषातून. ती आवृत्ती आजही काही कार्यालयांत चालू ठेवलेली असते. कारण विचारलं तर कळतं, की कोपऱ्यातलं जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली फाइल फोल्डरमध्ये टाकतं आणि त्याला नवी आवृत्ती कळत नाही. एका मशीनसाठी सगळ्यांच्या फाइल्स धोक्यात ठेवू नका, स्कॅन मेलवर घ्या किंवा मशीन बदला. क्लाउड घेतलात तरी बॅकअप वेगळा ठेवा, कारण सिंक म्हणजे बॅकअप नाही, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा हा नियम तर तुम्हीच ग्राहकांना सांगता.

दुसरं उत्तर मिळतं ते ‘मग ऑफिसला या’ असं. ज्यांना शक्य आहे ते येतात. पण ज्यांना घरून काम करायची परवानगी तुम्ही विचार करून दिली, त्यांना ते काम नीट करता येईल अशी सोय देणं त्या परवानगीतच येतं. आणि फाइल अडकण्याचा त्रास फक्त आम्हाला नाही. बँकेत ऑडिटला गेलेला तुमचा माणूस, दुसऱ्या शाखेत बसलेला, ग्राहकाच्या गोदामात साठा मोजणारा, सगळे याच झेड ड्राइव्हशी झगडत असतात.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना स्वतंत्रपणे एक सांगायचं आहे. तुमच्यावर काय येतं ते मला दिसतं. काही बिघडलं की पहिला फोन तुम्हाला, नवीन काही मागितलं की ‘सध्या बजेट नाही’. म्हणून तुम्ही हक्क बंद ठेवता, नवं काही उघडत नाही. तरीही एक करा. ऑगस्टातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी, कार्यालयाच्या वायफायवर नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनने ताळेबंदाची खरी फाइल उघडा, त्यात बदल करा आणि सेव्ह होत असताना हॉटस्पॉट बंद करा. मग फोल्डरमध्ये काय उरलं ते बघा आणि ते भागीदारांना दाखवा. आमच्या दहा तक्रारींपेक्षा तुमचं ते एक दाखवणं अधिक ऐकलं जाईल.

भागीदारांना विनंती अशी, की सगळं एकदम बदलू नका. जीएसटीचा किंवा संस्थांच्या ऑडिटचा, असा एकच फोल्डर निवडा. तो हलवा, त्याची जागा सगळ्यांना लेखी कळवा, आणि जुन्या जागी फक्त वाचायची प्रत ठेवा म्हणजे कोणी चुकून तिथे लिहिणार नाही. हे सप्टेंबरच्या गर्दीत करू नका. ऑडिट अहवालांच्या तारखा संपल्या की दिवाळीनंतर थोडी उसंत असते, तेव्हा करा. आणि ठरवायला बसाल तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी एकाला आणि मराठी टाइप करणाऱ्या एका ताईंना त्या बैठकीत घ्या. कुठल्या फाइलवर एका वेळी किती जण असतात, कोणती लिंक कुठून येते, कोणता नमुना दरवर्षी उघडतो, हे आम्हाला पाठ आहे. व्हिडिओ कॉलवर आम्ही नक्की येऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
घरून काम करणारी एक लेखासहायक